कपातीच्या चिठ्ठीपासून सुरू झालेले काम

सप्टेंबर २०२३ मधल्या एका शुक्रवारी दुपारी एका औषध कंपनीच्या पॅकिंग विभागातून मला फोन आला. आम्ही छापून पाठवलेल्या १,२०,००० कार्टनच्या (औषधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या) लॉटमध्ये, ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्यांच्या कार्टनच्या गठ्ठ्यात, २५० मिलिग्रॅमचे एक कार्टन निघाले होते. दोन्ही कार्टनचे माप एक, कागद एक, अक्षरांची ठेवण एक. फरक होता तो फक्त आकड्याचा आणि कडेच्या पट्टीच्या रंगाचा. त्यांच्या पॅकिंगच्या यंत्रावर कार्टनच्या पाकळीवरचा संकेत वाचणारे उपकरण होते, म्हणून ते कार्टन वेळेत बाहेर पडले. तसे झाले नसते, तर ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या २५० च्या कार्टनमधून कुणाच्या तरी घरी पोचल्या असत्या. माझ्या सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मीच दर महिन्याला आणते आणि कार्टनवरचा आकडा पाहूनच त्यांच्या डब्यात भरते, त्यामुळे तो फोन ठेवल्यावर बराच वेळ मला दुसरे काही सुचेना.

मी अंधेरी पूर्वेला, मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांची कार्टन छापणाऱ्या एका कारखान्यात चौदा वर्षे काम करते आहे. आधी फक्त प्लॅनिंग पाहत होते, नंतर गुणवत्ता विभागही माझ्याकडे आला. आमचे तीन गाळे आहेत: दोन तळमजल्यावर, जिथे बोर्डाचे (कार्टनच्या पुठ्ठ्याचे) गोदाम, कटिंग, छपाई आणि पंचिंग (छापलेल्या शीटमधून कार्टनचा आकार कापणे) चालते, आणि एक दुसऱ्या मजल्यावर, जिथे सॉर्टिंग (बाद कार्टन निवडून काढणे) आणि पेस्टिंग (कार्टन चिकटवणे) होते. लॉट परत आला तेव्हा सॉर्टिंगच्या अकरा बायकांनी तीन दिवस बसून सगळी कार्टन पुन्हा पाहिली. दुसरे चुकीचे कार्टन सापडले नाही. मग गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीच्या क्रमांकावरून तो गठ्ठा कोणी बांधला ते काढले गेले आणि नेहमीच्या पद्धतीप्रमाणे त्या मावशींच्या पगारातून ४०० रुपये कापले गेले. कपातीच्या चिठ्ठीवर सही माझी होती. मावशींनी चिठ्ठी घेतली आणि एवढेच म्हणाल्या, "मॅडम, माझ्या हातून गेलं नसेल असं मी म्हणत नाही. पण ते कार्टन आलं कुठून, तेवढं तरी बघा."

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते शोधायला मला सात महिने लागले, आणि त्या सात महिन्यांत आमच्या कारखान्यातल्या कामाकडे पाहण्याची माझी दृष्टी पूर्ण बदलली. त्याचाच हा वृत्तांत आहे.

तोवर नासाडी मोजण्याची आमची पद्धत एकच होती. महिन्याच्या शेवटी रद्दीवाला येई, काट्यावर वजन होई, आणि छापलेल्या मालाच्या तुलनेत रद्दी किती टक्के निघाली त्यावरून शेठ समाधानी किंवा नाराज होत. या हिशेबातली गोम मला इतकी वर्षे दिसली नव्हती, याचे आज आश्चर्य वाटते. कार्टनच्या कामात शीट पंच केली की चौकटीची आणि मधल्या फटींची कापणी निघतेच. ती टाळता येत नाही. काट्यावर ती कापणी, मशीन लावताना वाया गेलेली शीट, रंग चुकला म्हणून बाद झालेली शीट आणि पेस्टिंगमध्ये फाटलेली कार्टन हे सगळे एकाच ढिगात तोलले जाई. त्यामुळे दोष वाढले काय किंवा घटले काय, वजनाचा आकडा फारसा हलत नसे. याखेरीज सॉर्टिंगच्या वहीत बाद कार्टनची नोंद होत असे, आणि त्या वहीप्रमाणे आमचे बाद मालाचे प्रमाण १.८ टक्के होते. ग्राहकांना आम्ही हाच आकडा सांगत होतो आणि मीही त्यावर मनापासून विश्वास ठेवत होते.

त्याच सुमारास वसाहतीतल्या उद्योजकांच्या बैठकीत शेठना केंद्र सरकारच्या लीन (नासाडी कमी करून उत्पादन करण्याच्या पद्धतीच्या) योजनेची माहिती मिळाली. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने ही योजना मार्च २०२३ मध्ये नव्या स्वरूपात सुरू केली होती. तिच्यात मूलभूत, मध्यम आणि प्रगत अशा तीन पायऱ्या आहेत, आणि सल्लागाराच्या मार्गदर्शनाच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलते. लॉट परत आल्याचा धक्का ताजा असल्यामुळे शेठनी नाव नोंदवले. आमच्याकडे मार्गदर्शनासाठी आलेले सर वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगातून निवृत्त झालेले अभियंते होते. छपाईतले आपल्याला काही कळत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितले. मला ते तेव्हा खटकले होते. पुढे तीच त्यांची सर्वांत उपयोगी गोष्ट ठरली, कारण आम्ही ज्याला "असंच असतं" म्हणत होतो, त्यातले काहीही ते गृहीत धरत नव्हते.

त्यांनी दिलेले पहिले काम म्हणजे छपाईच्या यंत्राजवळ एक पूर्ण पाळी उभे राहायचे, कोणाला काही सुचवायचे नाही, आणि यंत्र प्रत्येक मिनिटाला काय करते आहे ते लिहायचे. टोयोटा कंपनीत तिथल्या उत्पादन पद्धतीचे जनक ताइइची ओनो जमिनीवर खडूने वर्तुळ काढून त्यात अभियंत्याला तासन्‌तास उभे करत, अशी माहिती सरांनी दिली. त्या दिवशी आम्ही खडूचे वर्तुळ काढले नाही, पण मी उभी राहिले. आमचे यंत्र पाच रंगांचे, जपानी बनावटीचे, जुने घेतलेले आहे. तासाला आठ हजार शीट ते सहज छापते, आणि ते थांबलेले दिसले की शेठांच्या कपाळाला आठी पडते. मला वाटत होते की पाळीतला तीन चतुर्थांश वेळ तरी ते चालत असेल. संध्याकाळी बेरीज केली तेव्हा ४८० मिनिटांपैकी विकण्याजोगी शीट छापण्यात १९२ मिनिटे गेली होती. दोन जॉब (छपाईची कामे) यंत्रावर लावण्यात ९४ आणि ८८ मिनिटे गेली. एका जॉबच्या रंगाला मंजुरी देण्यासाठी ग्राहकाचा माणूस ठाण्याहून निघाला होता आणि साकीनाक्याच्या कोंडीत अडकला होता. त्याची वाट पाहण्यात ४७ मिनिटे गेली. उरलेली ५९ मिनिटे ब्लँकेट (शाई कागदावर उतरवणारे रबर) पुसणे, फीडर (शीट आत ओढणारा भाग) अडकणे, आणि कटिंगकडून बोर्ड येईपर्यंत थांबणे यांत संपली. बेरीज चुकली असेल असे वाटून मी ती दोनदा केली.

ओनोंनी उत्पादनातल्या नासाडीचे सात प्रकार सांगितले आहेत: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणे, मालाची ने-आण, अनावश्यक प्रक्रिया, साठा, माणसांची वायफळ हालचाल आणि दोष. सरांनी ते फळ्यावर लिहिले तेव्हा ही यादी मला शाळेतल्या पाठांतरासारखी वाटली. पण ओनो यांपैकी जास्तीच्या उत्पादनाला सर्वांत वाईट मानत, कारण बाकीचे प्रकार त्याच्या पोटात लपतात, हे सरांनी सांगितले आणि तिथे माझे लक्ष अडले. जास्तीचे उत्पादन तर आमच्याकडे नियमानेच होत होते, आणि त्याची सुरुवात माझ्याच टेबलावरून होत असे.

एका शीटवर २० कार्टन बसत असतील, तर १,२०,००० कार्टनसाठी ६,००० शीट लागतात. प्लॅनिंग करताना मी अशा जॉबला २४० शीट जास्त लिहीत असे, कारण पुढे माल कमी पडला तर बोलणी मला बसत. गोदामातला माणूस त्यावर शंभरेक शीट हाताने वाढवून देई, कारण कटिंगमध्ये कमी पडले तर बोलणी त्याला बसत. मशीनमन त्यातली शक्य तेवढी छापून टाकत, कारण पंचिंगमध्ये कमी पडले तर जॉब पुन्हा यंत्रावर चढवावा लागे. प्रत्येक जण आपल्या पुरती काळजी घेत होता, आणि शेवटी कधी तीन-चार हजार कार्टन उरत, तर कधी एवढे करूनही दोन गठ्ठे कमी पडत. उरलेली कार्टन फेकायची कशी, म्हणून ती सॉर्टिंगच्या टेबलामागच्या राखाडी लोखंडी कपाटात ठेवली जात. त्या कपाटाची यादी कुठेही नव्हती. एका सकाळी मी आणि सर मिळून ते रिकामे केले. त्यात मागच्या दोन वर्षांतल्या बत्तीस जॉबची उरलेली कार्टन होती, आणि मधल्या कप्प्यात २५० आणि ५०० मिलिग्रॅमचे गठ्ठे रबरबँड लावून शेजारीशेजारी ठेवलेले होते.

मावशींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या कप्प्यात होते. गठ्ठ्यात कार्टन कमी भरली की ती कपाटातून पुरी केली जात, आणि त्या दिवशी हात चुकीच्या गठ्ठ्यात गेला होता. उरलेल्या अर्ध्यासाठी सरांनी "का" हा प्रश्न लागोपाठ विचारायला लावला. ही रीत टोयोटाच्या घराण्यातले साकिची टोयोडा यांची म्हणून ओळखली जाते. कपाटातून कार्टन का घेतली? गठ्ठा कमी भरला म्हणून. कमी का भरला? सॉर्टिंगमध्ये बाद झालेली कार्टन वहीत लिहिलेल्यापेक्षा कितीतरी जास्त होती म्हणून. वहीत कमी का लिहिली? इथे टेबलाभोवती शांतता पसरली. मावशी खाली बघत होत्या. शेवटी सर्वांत धाकटी मुलगी म्हणाली, "जास्त लिहिली तर मशीनवाल्यांचे पैसे कापतात, आणि कमी भरली तर आमचे कापतात. मग आम्ही बाद माल रद्दीच्या पोत्यात टाकतो, आणि कपाटातून पुरं करतो." हे सगळ्यांना ठाऊक होते. मला ठाऊक नव्हते, कारण ज्या चिठ्ठीच्या भीतीने हे चालले होते, तिच्यावर सही माझी होती.

त्या रात्री चर्चगेटहून सुटलेल्या गाडीच्या गर्दीत, अंधेरीहून बोरिवलीपर्यंत, मी मागच्या वर्षांत सह्या केलेल्या चिठ्ठ्या आठवत राहिले. मी कोणावर अन्याय करते आहे असे मला कधी वाटले नव्हते. शिस्त राखते आहे असे वाटत होते. प्रत्यक्षात त्या चिठ्ठ्यांनी एकही दोष कमी केला नव्हता, उलट दोषांची खरी संख्या माझ्यापासून लपवली होती आणि एका रुग्णापर्यंत चुकीचे कार्टन जाण्याची वाट मोकळी केली होती.

दुसऱ्या दिवशी मी शेठना सांगितले की तीन महिने कोणाच्याही पगारातून दोषाबद्दल एक रुपयाही कापायचा नाही, नाहीतर या कामातून काहीही निघणार नाही. शेठ लगेच तयार झाले नाहीत, आणि त्यांची अडचण मला समजत होती. बोर्डाचे भाव वाढलेले, ग्राहक दर वाढवून देत नाहीत, आणि वरून लॉट परत आलेला. सरांनी त्यांना डेमिंग यांच्याबद्दल सांगितले. एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ १९५० मध्ये जपानच्या उद्योजकांना शिकवायला गेले होते, आणि व्यवस्थापनासाठी त्यांनी पुढे जी १४ सूत्रे मांडली, त्यांतले आठवे सूत्र कामाच्या जागेवरची भीती घालवण्याबद्दल आहे. शेठनी होकार दिला तो मात्र डेमिंग यांच्यामुळे नव्हे. मी लेखाविभागातून मागच्या वर्षाच्या कपातीची बेरीज काढून नेली होती. ती रक्कम परत आलेल्या एका लॉटच्या खर्चाच्या पासंगालाही पुरत नव्हती.

कपात थांबली आणि पहिल्याच महिन्यात बाद मालाचे प्रमाण १.८ वरून ६.१ टक्क्यांवर गेले. शेठ तो कागद हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आले, तो प्रसंग सोपा नव्हता. दोष वाढलेले नाहीत, ते पहिल्यांदा लिहिले गेले आहेत, हे मी त्यांना समजावले. पण समजावताना मलाही धाकधूक होती. रद्दीच्या पोत्यांवर आता वेगवेगळ्या चिठ्ठ्या होत्या: मशीन लावतानाची शीट, छपाईतली बाद शीट, कापणी, आणि पेस्टिंगमधली खराबी. एकूण वजन पूर्वीएवढेच भरले, तेव्हा शेठांची खात्री पटली.

पुढचा भाग मला सर्वांत जास्त शिकवून गेला. सॉर्टिंगमध्ये प्रत्येक पाळीत १,००० कार्टन मोजून घ्यायची, त्यांतली बाद किती ते तक्त्यावर बिंदूने दाखवायचे, असे आम्ही सुरू केले. पहिल्या पंचवीस पाळ्यांची सरासरी ६० आली. कोणत्या दिवशी ५० तर कोणत्या दिवशी ७२. पूर्वीची पद्धत असती तर ७२ च्या दिवशी चिठ्ठ्या फाटल्या असत्या आणि ५० च्या दिवशी शाबासकी मिळाली असती. सरांनी मला वर्गमूळ काढायला लावले. हजारात सरासरी ६० दोष असतील, तर प्रक्रियेत काहीही न बदलता, केवळ स्वाभाविक चढउतारामुळे, रोजचा आकडा साधारण ३८ ते ८२ यांच्या दरम्यान कुठेही पडू शकतो. ही नियंत्रण तक्त्याची कल्पना वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये अमेरिकेत मांडली. या सीमांच्या आतला ७२ आणि आतलाच ५० यांत माणसाच्या मेहनतीचा किंवा आळसाचा काही पुरावा नसतो. ते आकडे त्या प्रक्रियेचेच आहेत, आणि कमी करायचे तर प्रक्रियाच बदलावी लागते. सीमेबाहेर जो बिंदू जातो, त्याचे मात्र वेगळे कारण शोधावे लागते. इतकी वर्षे आम्ही नेमके याच्या उलट करत होतो: स्वाभाविक चढउताराबद्दल माणसांना जबाबदार धरत होतो, आणि खरोखर वेगळा दिवस आला की त्यालाही तेच औषध देत होतो.

असा एक वेगळा दिवस लवकरच आला. एका मंगळवारी बिंदू ९७ वर गेला. दोष जवळजवळ सगळे एकाच प्रकारचे होते: निळ्या रंगाची छटा फिरलेली, आणि कोऱ्या जागेवर फिकट शाईचा थर. आमचे थोरले मशीनमन, ज्यांना सगळे काका म्हणतात, तक्ता पाहून म्हणाले, "ताई, सोमवारी रात्री टँकरचं पाणी घेतलंय. टँकरचं पाणी आलं की निळा असाच करतो." मी विचारले की हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे. ते म्हणाले, "पंधरा-सोळा वर्षं झाली असतील." त्यांनी पूर्वी एकदा सांगूनही पाहिले होते, तेव्हा त्यांना सबब सांगू नका असे उत्तर मिळाले होते.

ऑफसेट छपाईत शाई आणि पाणी यांचा तोल हेच सगळे असते. मुंबईला तलावांतून येणारे नळाचे पाणी मऊ असते. टँकरचे पाणी बहुधा बोअरवेलचे असते आणि त्यात क्षार जास्त असतात. त्या क्षारांमुळे फाउंटन सोल्यूशनच्या (प्लेट ओली ठेवणाऱ्या पाण्याच्या मिश्रणाच्या) आम्लतेचे गणित बिघडते, रोलरवर शाई नीट बसत नाही आणि प्लेटच्या जिथे शाई लागू नये तिथे ती लागू लागते. आम्ही पाण्याची विद्युतवाहकता (क्षार जास्त तर तीही जास्त) आणि सामू (आम्लतेचे माप, पीएच) मोजणारी दोन छोटी उपकरणे आणली. टँकरच्या पाण्याची वाहकता नळाच्या पाण्याच्या कित्येक पट निघाली. यंत्रासाठी नळाचे पाणी वेगळ्या टाकीत साठवायचे, ती टाकी संपल्यास शुद्धीकरण यंत्रातले पाणी वापरायचे, आणि सामू ४.८ ते ५.५ यांच्या बाहेर गेला तर यंत्र सुरू करायचे नाही, एवढेच ठरवले. खर्च शेठांच्या एका महिन्याच्या चहापाण्याच्या बिलाहून थोडा जास्त होता. काकांच्या सोळा वर्षांच्या माहितीचा उपयोग व्हायला मात्र त्यांचे म्हणणे कोणीतरी तक्त्याशेजारी लिहून घ्यावे लागले.

दोषांची वर्गवारी केली तेव्हा रंगाची छटा आणि रंगांचे एकमेकांवर न बसणे, हे दोनच प्रकार मिळून जवळजवळ तीन चतुर्थांश भरले. रंग एकमेकांवर न बसण्यामागे मुंबईची हवा होती. जुलैत इथली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, आणि कागद दमट हवेत त्याच्या धाग्यांच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. आमच्याकडे बोर्ड कापून उघड्या फळ्यांवर रात्रभर पडून असे, आणि सकाळी त्याच्या कडा लाटेसारख्या झालेल्या असत. आता कापलेला बोर्ड लगेच प्लास्टिकने गुंडाळला जातो, छपाईच्या विभागात काही तास तसाच ठेवला जातो, आणि गुंडाळी यंत्रापाशीच उघडली जाते. शिवाय मी एका वेळी दोन महिन्यांचा बोर्ड मागवणे थांबवले. याला शेठांचा विरोध होईल असे वाटले होते, पण त्यांनी स्वतःच २६ जुलै २००५ ची आठवण काढली. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि आमच्या तळमजल्यावर स्वस्तात मिळाला म्हणून भरून ठेवलेला सगळा बोर्ड पाण्यात गेला होता. त्यानंतर त्यांनी फळ्या फूटभर उंच केल्या, पण साठा तेवढाच ठेवला होता.

जॉब लावण्याचा वेळ कमी करणे त्या मानाने सोपे गेले. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांची रीत साधी आहे: यंत्र थांबवूनच करावी लागणारी कामे आणि यंत्र चालू असताना करता येणारी कामे वेगळी करायची. आमच्याकडे यंत्र थांबल्यावर प्लेट आणायला माणूस जाई, मग शाई मिसळली जाई, मग जुना मंजूर नमुना शोधला जाई. आता आधीचा जॉब संपण्यापूर्वी हे सगळे एका ट्रॉलीवर तयार असते. ग्राहकांकडून फिकट, प्रमाण आणि गडद अशी तीन सही केलेली शेड कार्ड (रंगाच्या छटेचे नमुने) आम्ही आधीच मागून घेतो, त्यामुळे कोणाला ठाण्याहून यावे लागत नाही. जॉब लावण्याचा वेळ साधारण ९० मिनिटांवरून ५० वर आला आहे. त्याहून खाली तो आलेला नाही.

सगळेच जमले असे नाही. जमिनीवर पिवळे पट्टे मारून प्रत्येक वस्तूची जागा ठरवली होती, ती शिस्त तीन आठवडे टिकली. मालाची लिफ्ट वसाहतीतल्या सगळ्या गाळ्यांची मिळून एकच आहे, आणि पंच केलेला माल अजूनही तिच्यासमोर कधी तासभर पडून असतो. सॉर्टिंग खाली आणण्याएवढी जागा आमच्याकडे नाही. आणि एक गोष्ट मला आजही टोचते. दोष कमी होऊ लागले तसे सॉर्टिंगच्या बायकांना वाटले की आता आपली गरज उरणार नाही. कोणालाही काढायचे नाही असे मी शेठांकडून लेखी घेतले होते, पण ते त्या बायकांना सांगायला मी उशीर केला, आणि त्या दीड महिन्यात दोघी जणी दुसरीकडे निघून गेल्या. त्यांपैकी एक ती धाकटी मुलगी होती, जिने सगळ्यांसमोर खरे बोलून दाखवले होते. मी तिला फोन केला. तिला भिवंडीत काम लागले होते.

ज्या एका कार्टनपासून हे सुरू झाले, त्याचा प्रश्न मात्र तक्त्यांनी सुटण्यासारखा नव्हता. १,२०,००० मध्ये एक म्हणजे दहा लाखांत आठ. मोटोरोला कंपनीत १९८६ मध्ये सुरू झालेल्या सिक्स सिग्मा पद्धतीचे उद्दिष्ट दहा लाख संधींमागे ३.४ दोषांचे आहे, म्हणजे आम्ही त्याच्या फार दूर नव्हतो असे कोणी म्हणू शकेल. पण ज्याच्या हातात ते कार्टन पडेल, त्याला सरासरीचा काही उपयोग नाही. डोळ्यांनी शोधून लाखात एक कार्टन कधीच खात्रीने सापडत नाही. त्या अकरा बायकांनी तीन दिवसांत जे केले ते कितीही मन लावून केले असले, तरी त्यावर विसंबता येत नव्हते. म्हणून चूक शिरण्याची वाटच बंद करावी लागली. राखाडी कपाट आम्ही काढून टाकले. जॉब संपला की उरलेले प्रत्येक कार्टन मोजून, तिरके कापून, दोन सह्यांनिशी नष्ट केले जाते, आणि टेबल रिकामे असल्याची नोंद झाल्याशिवाय दुसरा जॉब वर येत नाही. पेस्टिंगच्या यंत्रावर प्रत्येक कार्टनचा संकेत वाचणारे उपकरण बसवले आहे. संकेत जुळला नाही तर यंत्र जागच्या जागी थांबते. मी आता जास्तीची शीट लिहिते ती आदल्या सहा जॉबच्या खऱ्या नोंदी पाहून, आणि बाद मालाचे प्रमाण गेल्या मार्चमध्ये २.४ टक्के होते. पावसाळ्यात ते पुन्हा चढते.

कापलेले ४०० रुपये मावशींना परत मिळाले. शेठनी ते दिवाळीच्या पाकिटात घातले होते. मी ते वेगळे काढून, चुकीने कापले होते असे लिहून, त्यांच्या हातात दिले. पेस्टिंगच्या यंत्राचे काम शिकायला त्या पहिल्या तयार झाल्या, आणि आता ते उपकरण त्यांच्याच ताब्यात आहे. रोज सकाळी पाळी सुरू होताना त्या दुसऱ्या जॉबचे एक कार्टन मुद्दाम गठ्ठ्यात सरकवतात आणि यंत्र सुरू करतात. यंत्र थांबले की त्या ते कार्टन बाहेर काढतात, घड्याळ पाहून वेळ लिहितात आणि वहीत सही करतात. त्याखालची माझी सही मी त्यानंतर करते.